ग्रॅमभर राळ

बाजरी काढून झालेल्या रानात विमान नाकावर आपटलं की आवाज फार मोठा होत नाही. वाळकी काटकी मोडावी तसा ‘कट्’ होतो आणि इंजिनाची घरघर एकदम थांबते. माझं पहिलं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ माणसाचं रेडिओवर उडणारं मॉडेल, असंच पडलं. पंख शाबूत, शेपूट शाबूत. फक्त नाक, म्हणजे इंजिन ज्या प्लायच्या पाटीवर बसतं ती फायरवॉल, मागच्या दोन-तीन इंच बाल्सासकट सुटून चार हात पुढे पडली होती. घरी आलो, हार्डवेअरच्या दुकानातून अरल्डाइटचं मोठं पाकीट आणलं आणि भरपूर कालवलं. भेग आतून भरली, बाहेरून थापली, वर औषधाच्या पेटीतलं बँडेज गुंडाळून पुन्हा थापली. रविवारी मोठ्या अभिमानाने मैदानावर घेऊन गेलो.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी आम्हाला ब्लेड धरायला शिकवलं, ते आमचे एरोमॉडेलिंगचे सर तिथे होते. त्यांनी दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोललं. नाक सरळ खाली गेलं. मग त्यांनी पिशवीतून वजनकाटा काढला.

“आधी किती होतं?”

“एक किलो सहाशे चाळीस, सर.”

“आता सतराशे बारा. बहात्तर ग्रॅम! अरे, दुरुस्ती केलीस की प्लॅस्टर घातलंस?”

बहात्तर ग्रॅम म्हणजे काय, हे विमान हातात न घेतलेल्या माणसाला कळायचं नाही. त्या विमानातले चारही सर्वो, म्हणजे रेडिओच्या हुकमावर सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी, मिळून जवळपास तेवढेच भरत. बाल्साचा एक घनसेंटिमीटर तुकडा साधारण पंधरा शतांश ग्रॅमचा असतो. तेवढीच घट्ट झालेली इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटच्या जातीची राळ, एक ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे ज्या लाकडाला जोडायचं त्याच्या सात-आठपट जड वस्तू आपण फटीत ओतत असतो. आणि ताकद? चांगल्या सांध्यावर जोर दिला तर सांधा सुटत नाही, शेजारचं बाल्सा फाटतं. लाकूडच आधी मोडणार असेल तर त्याच्यावर थापलेला प्रत्येक जादा थेंब नुसता ओझ्याचा.

शेपटीकडे तर हा हिशेब आणखी कडक होतो. गुरुत्वमध्यापासून शेपूट ६० सेंटिमीटरवर आणि नाक २० सेंटिमीटरवर असेल, तर शेपटीच्या सांध्यात सांडलेला एक ग्रॅम तोलायला नाकात तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. एकाचे चार झाले.

आपल्याकडे चिकटवायच्या वस्तूंची काही कमी नव्हती. पतंगाला खळ, वहीला डिंक, सुताराला सरस, सोनाराला लाख. यातल्या बहुतेकांचं काम एकाच तऱ्हेने चालतं: आधी पातळ असतात, मग त्यांतलं पाणी उडून जातं किंवा उष्णता निघून जाते, आणि जे उरतं ते धरून ठेवतं. फेविकॉलही त्याच कुळातला. इपॉक्सी वाळत नाही. तिच्यातून काही उडून जायचं नसतं. दोन नळ्यांमधून जेवढं बाहेर काढलं तेवढंच, जवळपास तेवढ्याच वजनाचं, घट्ट होऊन राहतं. म्हणून ती फट भरू शकते, आकसत फारशी नाही, आणि चहूबाजूंनी बंद असलेल्या, वारा न लागणाऱ्या सांध्यातही तितकीच पक्की होते. ‘वाळायला ठेवलंय’ हा शब्दप्रयोग आपण सवयीने करतो, पण आत चाललेलं असतं ते वेगळंच.

एका नळीत राळ असते. तिच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची त्रिकोणी कडी असते. तीन अणूंचा त्रिकोण म्हणजे फार वाकवलेली बांबूची कामटी, सुटायला टपलेलीच. दुसऱ्या नळीतला हार्डनर बहुधा अमाइन असतो, आणि त्याच्यावरचा नायट्रोजनला लागलेला एकेक हायड्रोजन अशी एकेक कडी उघडतो आणि तिथे कायमचा जोडला जातो. एका अमाइनला अशा चार-सहा जागा असू शकतात. त्यामुळे नुसती साखळी होत नाही, जाळं होतं. शेवटी कपातला सगळा ऐवज म्हणजे जणू एकच प्रचंड रेणू. तो पुन्हा वितळत नाही.

हे जाळं पहिल्यांदा विणलं गेलं ते विमानासाठी नव्हे, दातांसाठी. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हे रसायनज्ञ दंतवैद्यकाच्या सामानाच्या एका कंपनीत काम करत होते. कवळी बनवायला न आकसणारा पदार्थ हवा म्हणून त्यांनी १९३८ साली या राळेचं पेटंट घेतलं. कवळ्यांच्या धंद्यात तिचं बस्तान बसलं नाही. पेटंट वापरायचा परवाना सिबा या कंपनीकडे गेला आणि १९४६ साली बासलच्या औद्योगिक मेळ्यात ‘अरल्डाइट’ हे नाव लोकांसमोर आलं. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली त्याच सुमारास अशाच राळेवर काम करत होते. त्यांची नजर रंग आणि व्हार्निशवर होती. आज आपल्या घरी फुटलेल्या कपाचा कान जोडतात ती वस्तू मुळात कुणाच्या तरी तोंडात बसायची होती.

आता प्रमाण. माझ्या अनुभवात नव्या मुलांच्या दहा बिघडलेल्या जोडांपैकी सात इथे बिघडतात. पॉलिएस्टर रेझिन हाताळलेल्या माणसाला वाटतं, हार्डनर थोडा जास्त घातला की काम लवकर होईल. पॉलिएस्टरमध्ये ते काही अंशी खरंही आहे, कारण तिथे चमचाभर घालतात ते नुसतं चालना देणारं रसायन. इपॉक्सीत हार्डनर हा जाळ्याचा अर्धा भाग आहे. प्रत्येक कडीला तिचा जोडीदार लागतो. हार्डनर जास्त झाला तर उरलेले अमाइन जाळ्यात लोंबकळत राहतात, कमी पडला तर कड्या बंदच राहतात. दोन्हीकडून हाती येतो तो रबरासारखा, नखाने दबणारा गोळा. तो उद्या घट्ट होणार नाही, पुढच्या महिन्यातही नाही.

नेहमीच्या अरल्डाइटच्या दोन नळ्या आकारमानाने निम्म्या-निम्म्या घ्यायच्या असतात. पण हार्डनर राळेपेक्षा हलका असतो, त्यामुळे वजनाने तेच प्रमाण साधारण १०० ला ८० पडतं. काटा आणल्याच्या उत्साहात दोन्ही वजनाने सारखे घेणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. पहिल्यांदा मीही तेच केलं. कॉलेजच्या कंपोझिटच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं दिसणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ ही राळ आणि एचवाय ९५१ हा हार्डनर. तिचं प्रमाण वजनाने १०० ला १०. पंखाच्या एका दुरुस्तीला दहा ग्रॅम राळ पुरते, म्हणजे हार्डनर लागला एक ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली बोलत नाही. त्याच्यावर ‘१’ दिसतो तेव्हा कपात पाऊण ग्रॅमही असेल, सव्वाही असेल. सोनाराकडे असतो तसा शतांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आता काही शे रुपयांत मिळतो. महागडा रेडिओ घेण्याआधी तो घ्यावा, हे माझं ठाम मत.

ढवळणं हेही मोजण्याइतकंच महत्त्वाचं. कपाच्या कडेला आणि बुडाच्या कोपऱ्यात राळेचा एक थर न मिसळलेला चिकटून राहतो, आणि शेवटी खरवडून घेताना नेमका तोच सांध्यावर जातो. म्हणून मी एका कपात दोन मिनिटं कालवतो, मग सगळं दुसऱ्या कोऱ्या कपात ओततो आणि पुन्हा मिनिटभर. काठी चपटी हवी, आइस्क्रीमची उत्तम. गोल काठीने नुसता भोवरा होतो.

घड्याळ या कामात जरा फसवं असतं. पाकिटावर ‘तीस मिनिटं’ लिहिलेलं असतं ते साधारण २५ अंशांच्या खोलीतलं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालते. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या खोलीत तीस मिनिटांची इपॉक्सी पंधरा मिनिटांत हातातून जाते, आणि डिसेंबरच्या पहाटे नाशकात तीच तासभर नुसती बघत बसते. शिवाय क्रिया स्वतःच उष्णता सोडते. पातळ थर असला तर ती हवेत निघून जाते. उभ्या कपात साठली तर राळ तापते, तापली म्हणून क्रिया आणखी पळते, पळाली म्हणून आणखी तापते. एकदा पंखाच्या दोन्ही बाजूंना काचेचं कापड चढवायचं म्हणून मी आइस्क्रीमच्या कपात एकदम शंभर ग्रॅम कालवून ठेवलं आणि कापड कापत बसलो. वळून पाहतो तर कप वाकलेला, आतून पांढरा धूर, आणि राळ पिवळी पडून फुगून तडकलेली. हाताला चटका बसला तो वेगळाच. तेव्हापासून कालवली की लगेच पसरट थाळीत ओततो आणि लागेल तशी थोडी थोडीच करतो.

थंडीत आणखी एक गंमत होते. न उघडलेल्या बाटलीतली राळ गढूळ, रवाळ दिसायला लागते. बरेच जण खराब झाली म्हणून फेकून देतात. मध गोठतो तसंच हे. बाटली कोमट-गरम पाण्यात, पन्नास अंशांच्या आसपास, ठेवली की राळ पुन्हा काचेसारखी स्वच्छ होते. फक्त पूर्ण निवल्यावरच मोजायला घ्यावी.

पाच मिनिटांवाली आणि सावकाश घट्ट होणारी, यांत निवड करताना लोक घाईला मत देतात. पाच मिनिटांच्या इपॉक्सीचा हार्डनर बहुधा गंधकाच्या संयुगांचा असतो, म्हणूनच नळी उघडली की सडक्या अंड्याचा भपकारा येतो. मैदानावर, दुपारी, बाकीचे उडवत असताना तुटलेली सर्वोची पट्टी बसवायला ती देवासारखी. पण ती पाण्यात आणि उष्णतेत लवकर नरम पडते, आणि मुख्य म्हणजे पातळ होऊन लाकडात शिरायच्या आत घट्ट होते. फायरवॉल, पंखांचे दोन भाग जिथे मिळतात तो मधला सांधा, लँडिंग गिअरची पाटी, इथे रात्रभर लागणारीच हवी.

आणि जिथे इपॉक्सीची गरज नाही तिथे ती नकोच. बाल्साला बाल्सा, दोन्ही कडा नीट बसत असतील, तर फेविकॉल हलका, स्वस्त आणि पॉलिशपेपरने घासायला सोपा. रिबा आणि पट्ट्या टाचायला फेविक्विक. इपॉक्सी तिथे, जिथे दोन वेगळ्या जातीच्या वस्तू भेटतात, फट आहे, इंधन लागणार आहे किंवा एकाच जागी फार जोर येणार आहे. माझ्या आताच्या ग्लो इंजिनाच्या विमानात इपॉक्सीचे सांधे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. इंजिनाच्या खोलीला आतून मात्र स्पिरिटने पातळ केलेल्या इपॉक्सीचा हात फिरवतो, कारण मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं ते इंधन साध्या रंगाला आठवड्यात उकलून काढतं. पातळ केलेली इपॉक्सी रंग म्हणून चालते. जोडाला तीच वापरली तर स्पिरिट आत अडकून जाळं विरळ राहतं.

पंखाचा मधला सांधा हा एकच असा आहे, जिथे मी हात आखडत नाही. घिरटी घेताना पंखाच्या मुळाशी विमानाच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो. तिथे दोन्ही अर्धे भाग डायहेड्रलच्या कोनात, म्हणजे टोकं किंचित वर उचलून, बसवून, आतून प्लायची पट्टी, आणि वरून दोन इंच रुंद काचेच्या कापडाची पट्टी गुंडाळलेली हवी. माझ्या त्या पहिल्या दुरुस्तीतलं बँडेज कल्पना म्हणून बरोबर होतं. फक्त ते सुती होतं, राळेने डबडबलेलं होतं आणि चुकीच्या जागी होतं.

चिकटतं कशाला आणि कशाला नाही, हा निम्मा धडा दूध संस्थेच्या पिशवीने शिकवला. पॉलिथीनला, पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी धरत नाही. म्हणून नकाशावर दुधाची धुतलेली पिशवी अंथरून त्याच्यावर सांधा करता येतो, आणि साच्याला पॅकिंगची चिकटपट्टी लावली की तयार भाग अलगद सुटतो. तोच गुण उलटा फिरतो तेव्हा डोक्याला हात लावायची पाळी येते. आजकालची बरीच तयार फोमची विमानं पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातल्या फोमची असतात. त्यांना इपॉक्सीने जोडलं तर सांधा सोलल्यासारखा निघतो. थर्माकोलचं मात्र उलट आहे. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून खड्डा पाडतं, फेविक्विकही त्याला खातं. इपॉक्सी मात्र त्याला धक्का लावत नाही. गरम तारेने कापलेला थर्माकोलचा पंख आणि वर इपॉक्सीतलं काचेचं कापड ही जोडी त्यामुळेच जमली.

कार्बनची नळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बसवताना आधी चकाकी घालवावी लागते. कार्बनच्या नळीवर साचा सोडवायच्या तेलाचा किंवा मेणाचा अंश राहिलेला असतो. आधी स्पिरिटने पुसा, मग पॉलिशपेपरने घासा, मग पुन्हा पुसा. पुसण्याआधी घासलं तर मेण चरांमध्ये दाबून बसवल्यासारखं होतं. इंधन प्यालेलं लाकूड तर सगळ्यांत वाईट. ग्लो इंधनातलं एरंडेल बाल्सात मुरलं की वर कितीही ताकदीची राळ लावा, ती तेलावर तरंगते. त्यावर टाल्कम पावडरचा जाड थर टाकून केस वाळवायच्या यंत्राने गरम करायचं, पावडर तेल ओढून घेते, झटकायची, पुन्हा टाकायची. तीन-चार फेऱ्यांनी लाकडाचा पिवळट रंग कमी होतो. न झाला तर तेवढं लाकूड कापून नवं बसवावं.

माझं नाक सरांनी दुसऱ्यांदा जोडलं तेव्हाचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. आधी माझी सगळी थापाथापी पातीने कापून काढली. मग तुटलेल्या जागेच्या कडा घासून सरळ करायला मी पॉलिशपेपर पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला. बाल्सा फाटतं तेव्हा दातऱ्या पडतात, आणि त्या दातऱ्या एकमेकांत जशा बसतात तसा सांधा कुणी कारागीर कापू शकणार नाही. माझ्या राळेने बुजलेल्या दातऱ्या त्यांनी टोकदार पातीने एकेक मोकळ्या केल्या. सुके भाग आधी चार वेळा बसवून पाहिले. मग दोन्ही कडांना राळेचा इतका पातळ हात दिला, की लाकूड फक्त ओलं झाल्यासारखं काळपट दिसावं. लाकडाने ती पिऊन घेतली म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा एक हात. भाग मिळवले, बाहेर आलेली रेघ स्पिरिटच्या फडक्याने पुसली, चिकटपट्टीने बांधलं. आतल्या बाजूने फायरवॉलच्या कोपऱ्यांत जे भरायचं होतं ते मात्र नुसती राळ नव्हती; तिच्यात सुती तंतूंचा भुगा कालवून लोण्यासारखी केली आणि बोटाने कोपरा गोल केला. दुसऱ्या दिवशी काट्यावर विमान १६४६ ग्रॅम भरलं.

सांधा नीट बसला नाही की विमान पडतं, ही गोष्ट खऱ्या विमानांनीही महागात शिकली आहे. डी हॅविलंडचं मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं वेगवान लाकडी विमान. बर्च प्लायच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा, म्हणजे आपल्याच खेळण्यांचं थोरलं भावंड. १९४४ साली भारतात असलेल्या मॉस्किटोंचे पंख हवेत निखळून अपघात झाले आणि विमानं जमिनीवर थांबवली गेली. पहिला संशय इथल्या उकाड्यावर आणि दमटपणावर गेला, गोंद वितळला असणार म्हणून. तपासात मुख्य दोष जोडणीचा निघाला: भाग नीट न बसता राहिलेल्या फटी, गोंद न पोचलेल्या जागा. तेव्हाचा गोंद इपॉक्सी नव्हता. युरिया-फॉर्मल्डिहाइडचा एरोलाइट इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या ज्या कंपनीने काढला होता, तीच पुढे सिबाकडे गेली आणि तिथे अरल्डाइट बनू लागलं.

काचेचं कापड चढवणं हे या कामातलं सगळ्यांत सुखाचं प्रकरण. मॉडेलसाठीचं कापड इतकं तलम असतं की दर चौरस मीटरला २५ ग्रॅम भरतं. हातात धरलं तर श्वासाने हलतं. दीड मीटर लांब आणि पंचवीस सेंटिमीटर रुंद पंखाच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण चौरस मीटर होतात. कापड झालं १९ ग्रॅम. राळ कापडाच्या वजनाएवढी किंवा फार तर दीडपट गेली तर एकूण ४०-४५ ग्रॅममध्ये पंखाला असं कवच मिळतं की बोटाने दाबून खळगा पडत नाही. हात सैल सोडला तर त्याच पंखावर शंभर ग्रॅम राळ सहज जाते, आणि ताकदीत फरक शून्य. भार पेलतात ते काचेचे धागे, राळ फक्त त्यांना जागेवर धरते.

कापड कोरडंच पंखावर अंथरायचं, मऊ ब्रशने सुरकुत्या काढायच्या. मध्ये चमचाभर राळ ओतायची आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे ओढत न्यायची. कापड आधी पांढरं दिसतं, राळ शिरली की अदृश्य होतं. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे. सगळं पारदर्शक झालं की मग खरं काम: कार्ड पुन्हा तिरकं धरून, जोर देऊन, जादा राळ ओढून काढायची. त्यानंतर टॉयलेट पेपरचा अख्खा रोल पंखावरून लाटण्यासारखा फिरवायचा. कागद ओला झाला की तेवढे वेढे फाडून टाकायचे आणि पुन्हा फिरवायचा. शेवटी पृष्ठभाग चमकत नाही, किंचित मंद दिसतो, कापडाची वीण जाणवते. चमक दिसली म्हणजे राळ जास्त आहे. पाहुण्यांना चमकदार पंख आवडतो, उडवणाऱ्याला मंद.

वीण भरायला आणि खळगे बुजवायला रंगाऱ्यांची लांबी चालत नाही, ती जड. राळेत काचेचे सूक्ष्म पोकळ फुगे मिसळतात. पीठ मळताना पाणी जिरतं तशी राळ त्यांत जिरते आणि हलकी, सहज घासली जाणारी लांबी होते. मात्र ती पूड मिसळताना तोंडाला मास्क हवा. डोळ्यांना न दिसणारी ती काच हवेत बराच वेळ तरंगते.

या सगळ्या प्रकारावर उभी राहिलेली खरी विमानंही आहेत. लहानपणी मॉडेलं बनवणाऱ्या बर्ट रुटान यांनी कॅलिफोर्नियात फोमचे ठोकळे कापून, वर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवून, साच्याशिवाय व्हॅरीइझ हे दोन माणसांचं विमान केलं. ते १९७५ साली उडालं. घरच्या गॅरेजमध्ये ही विमानं बांधू पाहणाऱ्यांना आधी सरावाचे तुकडे करायला सांगत, त्यांत पुस्तकं टेकवायचा एक आधारही असे. राळ आणि हार्डनर तोलायचा लाकडी तराजूही आधी स्वतःच बनवायचा. आपल्याकडे बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं ‘हंस’ हे १९९३ साली पहिल्यांदा उडालेलं प्रशिक्षण विमानही कंपोझिटचंच.

अशी विमानं, विशेषतः काचेच्या कापडाची ग्लायडर, पांढरीच का दिसतात, याचं कारण आपल्या विमानांनाही लागू आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली साधी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास काचेसारखी कडक राहत नाही, चामड्यासारखी होते. मे महिन्यात उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत तापमान तिथवर सहज जातं, आणि गडद रंग पांढऱ्यापेक्षा जास्तच तापतो. एका मित्राने काळ्या रंगाचं सुंदर ग्लायडर गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलं. परत आलो तर पंख टोकाशी वळलेला, आणि निवल्यावर तो तसाच राहिला. तयार झालेला भाग सावकाश पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवून काही तास ठेवला तर जाळं आणखी पूर्ण होतं आणि ही मर्यादा थोडी वर सरकते. त्यासाठी थर्माकोलच्या पेटीत एक बल्ब पुरतो, पण शेजारी थर्मामीटर ठेवून.

पावसाळ्याचं दुखणं निराळं. हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड यांची हार्डनरमधल्या अमाइनशी गाठ पडली की घट्ट झालेल्या थरावर मेणासारखा ओशट पापुद्रा येतो. हात लावला तर बुळबुळीत. त्याच्यावर दुसरा थर किंवा रंग दिला तर तो सोलून निघतो. लोक लगेच पॉलिशपेपर घेतात आणि तो ओशटपणा आत रगडतात. तो पापुद्रा पाण्यात विरघळणारा आहे. कोमट पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी, पुसून कोरडं, मग पॉलिशपेपर. कोकणात जुलैमध्ये काम करणाऱ्याने तर हे डोळे मिटून करावं, पापुद्रा दिसो न दिसो.

त्वचेबद्दल मात्र थट्टा नको. इपॉक्सी पहिल्या दिवशी काही करत नाही, म्हणूनच ती फसवते. वर्षानुवर्षं उघड्या हातांनी काम केलेल्या माणसाला एक दिवस बोटांच्या बेचक्यात पुरळ येतं, आणि त्यानंतर थेंबभर राळ, कधी नुसती अर्धवट घट्ट झालेल्या थराची धूळही, पुरेशी होते. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. त्या माणसाला छंद सोडावा लागतो. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, ते फाटले की बदलावेत, आणि हाताला लागलेली राळ थिनरने किंवा ॲसिटोनने कधीही पुसू नये. ते राळ पातळ करून कातडीत उतरवतात. साबण, पाणी आणि थोडा धीर.

माझ्या टेबलावरच्या फळीवर वापरून झालेल्या कपांची एक रांग असते. प्रत्येक कपाच्या तळाला उरलेली दोन-तीन ग्रॅम राळ, त्यात काठी तशीच उभी, आणि कपावर मार्करने तारीख, राळ-हार्डनरचं वजन, त्या दिवशीचं तापमान. विमान मैदानावर न्यायच्या आधी सांध्याला हात लावून काही कळत नाही. कपातल्या राळेत अंगठ्याचं नख रोवून पाहायचं. ओरखडाही उमटला नाही तर उडवायला हरकत नाही. रांगेतल्या सगळ्यांत जुन्या कपावर फक्त तारीख आहे, वजन लिहिलेलं नाही. तो त्या पहिल्या दुरुस्तीचा. त्यात नख अजूनही रुततं.